नाव नंतर सांगू

बोलताना काका आधी कानाची पाळी ओढत, मग नाकाच्या शेंड्याला बोट लावत आणि शेवटी डावं कोपर चोळत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अंगाला काही उठलं असेल. सिंगापूरला तोआ पायोह भागात आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा आहे, तिथल्या दगडी टेबलाशी ते रोज सकाळी टोपी घालून बसलेले असत. विचारायचा धीर नव्हता, म्हणून एक दिवस करंजाच्या तेलाची बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि लिफ्टकडे निघाले.

"ताई," मागून हाक आली, "ही खाज नाही. हे सिग्नल आहेत."

बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला एक मास्तर उभा असतो आणि तो पळणाऱ्या गड्याला तोंडाने काही न बोलता, असा अंगाला हात लावून सांगतो, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी आपल्यापुरत्या खुणा ठरवल्या होत्या. कान म्हणजे जोर करा, नाक म्हणजे हळू या, कोपर म्हणजे थांबा. तेलाची बाटली त्यांनी परत दिली नाही. गुडघ्याला लावतो म्हणाले.

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या माणसाला हे वेड कुठून लागलं. काकांनी जन्मात ती बॅट हातात धरली नव्हती, अमेरिका पाहिली नव्हती. पुण्यात एका कंपनीत ते रात्रपाळीला होते. तिथे बसून अमेरिकेतल्या लोकांचे पगार काढायचे. भिंतीवर टीव्ही होता, त्यावर तिकडचे सामने लागत आणि रिमोट हरवलेला होता. रिमोट सापडेपर्यंत काका एका टीमचे होऊन गेले होते. ती टीम दरवर्षी हरत असे. "जिंकणारीला सोडलं तर तिला दुसरे मिळतात," ते म्हणत. "हिला कोण आहे?"

रिटायर झाल्यावर ते मुलाकडे सिंगापूरला आले, आमच्या खालच्या मजल्यावर. इथे ते सामने सकाळी नाश्त्याच्या वेळेला दिसतात. या देशाची स्वच्छता, गाड्या, शिस्त यांचं काकांना काही नव्हतं. सामना नाश्त्याला लागतो, हा त्यांना देशाचा मोठा गुण वाटे.

जोडीदार मिळाला तोही तसाच. चेन अंकल मूळचे तैवानचे. तिथे म्हणे पोरं गल्लीत हाच खेळ खेळतात. दोघं एका टॅबवर सामना बघत, समोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि टोस्ट. सामना थोडा, वाद फार. कुणाला द्यायचं, बदल्यात कुणाला घ्यायचं, कुणाचा पगार टीमला झेपत नाही. चेन अंकलचं मत असं की पैसे असतील नसतील, एक मोठा गडी आणायचा. काका म्हणत, त्या पैशात चार बारके येतात. मी शेजारच्या स्टुलावर मेथी निवडत बसे. काका सगळं मला मराठीत समजावत, कारण चेन अंकलना समजावून उपयोग नसे.

"क्रिकेटमध्ये माणसाची बोली लावतात," ते म्हणाले. "इथे माणसाच्या बदल्यात माणूस. कसा घरगुती व्यवहार आहे बघा."

एकदा एका म्हाताऱ्या डावखुऱ्या बॉलरवरून दोघांचं बोलणं बंद झालं. तरी टेबल एकच, टॅब एकच. एकमेकांकडे पाठ करून तिरक्या मानेने सामना बघत. आणि मध्ये मी.

"ताई, त्यांना सांगा, त्या माणसाचा खांदा गेलाय. आता दिला तर कोणी घेईल तरी."

मला इंग्रजी येत नाही. मी आपला खांदा धरला आणि तोंड वाकडं केलं.

"शोल्डर ओके लाह," चेन अंकल मला म्हणाले. मी वळून काकांना मान हलवून दाखवली. असं दोन सकाळी चाललं. त्या दोन दिवसांत माझ्याकडून एका माणसाची विक्री थांबली, असं चेन अंकल पुढे सगळ्यांना सांगत.

काकांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. "बदल्यात कोण?" ब्लॉकमधलं कोणी घर सोडून गेलं, की बदल्यात कोण? कोपरा धरून झोपणारं मांजर दिसेनासं झालं, तरी बदल्यात कोण? सातव्या मजल्यावरच्या चिनी आजी वारल्या तेव्हा काका हात जोडून उभे होते. मला वाटलं, आज तरी नाही. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. बदल्यात कोण येतंय?" मी सांगितलं, नातसून दिवसांत आहे. काकांनी टोपी काढली.

आता आमच्या भजनी मंडळाचं सांगते. दर शनिवारी सुनंदाताईंच्या फ्लॅटमध्ये आम्ही बायका जमायचो. सुनंदाताईंचा आवाज मोठा, घर मोठं आणि मन, तब्येत बरी असेल तेव्हा, मोठं. काका सतरंज्या आणून टाकत, बाहेर चपलांच्या जोड्या लावत आणि दाराशी बसत. सूर त्यांना अजिबात कळत नसे. मॅनेजरला स्वतः खेळता यावं लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. दारातून ते कान, नाक, कोपर असं चालू ठेवत. कोणी लक्ष देत नसे. पण थांबायची वेळ ते बरोबर ओळखत, कारण त्यांचं लक्ष खाण्याकडे असे.

खाण्यावरूनच त्यांनी एकदा सभा घेतली. साबुदाण्याचे वडे हा मंडळाचा पगार आहे, असं ते म्हणाले. सुनंदाताई एक अभंग म्हणून चार वडे घेतात, आणि बाकीच्या तासभर टाळ कुटून अर्ध्या वड्यावर येतात. "सगळा पेरोल एका ठिकाणी जातोय. अशी टीम चालत नाही."

"काका, माझ्या घरात बसून माझे वडे मोजताय?" सुनंदाताई म्हणाल्या.

"मी मोजत नाही, ताई. हिशेबच तसा दिसतो."

त्या शनिवारी काकांना वडा मिळाला नाही. ते म्हणाले, मॅनेजरचा पगार पहिल्यांदा कापतात, रीतच आहे.

माझी जागा मागे, कपाटाजवळ. हातात टाळ. ओठ हलवायचे, आवाज बाहेर सोडायचा नाही. चौथी शिकलेली बाई मी, पुढे सगळ्या ऑफिसला जाणाऱ्या. मला मंडळात ठेवलं होतं हेच खूप होतं. आठवडाभर मी शनिवारची वाट बघायची. घरात सून, मुलगा चांगले आहेत, पण दिवसभर फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिजचा आवाज.

पलीकडच्या ब्लॉकात तेलुगू बायकांचं भजन होतं, शुक्रवारचं. त्यांच्या दोन गाणाऱ्या बदली होऊन गेल्या. त्यांच्या पद्मा अम्मा, हैदराबादच्या, त्यामुळे हिंदी चांगलं, एका शनिवारी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, एखादी गाणारी द्या. सगळ्यांनी सुनंदाताईंकडे पाहिलं. सुनंदाताईंनी पदर सावरला.

काका दारातून म्हणाले, "या ताईंना न्या." बोट माझ्याकडे.

कोणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते कोणाला पटलं नाही. "बदल्यात कोण?" पद्मा अम्मांनी विचारायच्या आधीच काकांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "नाव नंतर सांगू."

ही त्या खेळातली रीत आहे म्हणे. आज एक माणूस द्यायचा आणि बदल्यात कोण घेणार ते सहा महिन्यांच्या आत सांगायचं. पद्मा अम्मांना ती काही कळली नाही, पण घाई होती म्हणून त्या हो म्हणाल्या.

"म्हणजे माणूस देऊन रिकाम्या हाताने आलात," सुनंदाताई म्हणाल्या.

"रिकाम्या कसा? फक्त नाव नाही."

मी घरी जाऊन रडले. मला काढून टाकायचं होतं तर सरळ सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी मेथी घेऊन खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी काका लिफ्टपाशी भेटले.

"काका, मला गाता येत नाही."

"रोज खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालताना येतं ते काय?" ते म्हणाले. "माझी खिडकी बरोबर खाली आहे. तुमच्या कपड्यांचं पाणी आणि गाणं, दोन्ही आमच्याकडे पडतं. पाण्याबद्दल सूनबाई तक्रार करते. गाण्याबद्दल अजून केली नाही."

मग कान ओढून ते लिफ्टमध्ये शिरले. चेन अंकल या बाबतीत माझ्या बाजूचे होते. आपला माणूस कधी द्यायचा नाही, लोक ठेवून घेतात, असं ते काकांना बजावत. काका म्हणत, कपाटाजवळ बसवून कोणी पिकत नाही, पिकतात ती केळी.

शुक्रवारी गेले. तिथे लपायला कपाट नव्हतं. पद्मा अम्मांनी मला मधोमध बसवलं आणि सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. मी एक ओळ विसरले आणि पहिलीच परत म्हटली, तर त्यांनी ती जास्त भक्तीने मागून म्हटली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, इथे चुकलं तरी चालेल. मग आवाज सुटला.

काका तिथल्या व्हरांड्यात येऊन उभे राहत. बेसबॉलमध्ये शिकाऊ गडी बघायला माणसं येतात तसे, म्हणाले. गाणं रंगात आलं की कान ओढत, दुसरा हात गरागरा फिरवत. तेलुगू बायकांना वाटलं, डास आहेत. एकीने ब्लॉकमधल्या सगळ्या कुंड्यांखालच्या बशा उपड्या करून पाणी साचलंय का ते पाहिलं. त्या शुक्रवारी भजन उशिरा सुरू झालं.

मग काकांच्या मुलाचा नोकरीचा पास वाढला नाही. "पोराला रिलीज केलं," काका म्हणाले, आणि कोपर चोळलं. महिन्याच्या आत सगळं बिऱ्हाड पुण्याला जायचं ठरलं. सुनंदाताईंनी आठवण करून दिली, "काका, ते नाव राहिलं."

"मुदत आहे अजून."

जायच्या सकाळी टॅक्सी ब्लॉकखाली उभी होती. चेन अंकल दगडी टेबलाशी बसून होते, उठले नाहीत. काका गेले आणि त्यांच्या टोपीला एक टिचकी मारून आले. मी दशम्यांचा डबा दिला. मला वेगळंच काही बोलायचं होतं. तोंडातून त्यांचंच निघालं.

"काका, बदल्यात कोण?"

त्यांनी टॅक्सीत बसून डबा मांडीवर ठेवला. "नाव नंतर सांगू," म्हणाले. टॅक्सी वळेपर्यंत खिडकीतून एक हात बाहेर होता आणि दुसऱ्याने ते कान ओढत होते.

ते गेल्यावर पद्मा अम्मांना त्या न सांगितलेल्या नावाचा घोर लागला. त्यांच्याकडे नवी व्हायोलिन वाजवणारी बाई आली होती. काका हिचंच नाव घेणार, असं अम्मांच्या मनाने घेतलं. चेन अंकल काकांचे हेर आहेत, अशीही त्यांची खात्री होती. अंकल बाजारातून भाजी घेऊन व्हरांड्यातून जाताना दिसले की अम्मा त्या बाईला वाजवायचं थांबवून स्वयंपाकघरात फ्रिजमागे उभी करत. ती बिचारी नवीन, तिला वाटलं भजनाची पद्धतच अशी असेल.

दिवाळीच्या शनिवारी सुनंदाताईंनी दोन्ही भजनं एकत्र बोलावली. मी तेलुगू बायकांबरोबर चिंचेचा भात घेऊन आले. गाणं सुरू व्हायच्या आत दारात चेन अंकल. पायातले बूट न काढता, बाहेरूनच म्हणाले की सीझन संपला, आपली टीम हरली आणि पुण्याहून फोन आला होता. नाव सांगायला आलोय.

पद्मा अम्मा व्हायोलिनवालीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

अंकलनी बोट दाखवलं ते माझ्याकडे.

"ही? हीच तर आम्ही दिली होती," सुनंदाताई म्हणाल्या. "आमचीच आम्हाला परत? असं कुठे असतं का?"

अंकल म्हणाले, असतं, खूप वर्षांपूर्वी एकदा झालंय. एका टीमने एक माणूस दिला, बदल्यात नाव नंतर सांगू म्हणाले आणि शेवटी ज्याचं नाव घेतलं तो तोच निघाला. स्वतःच्याच बदल्यात गेला आणि आला. हे सगळं सुनंदाताईंची मुलगी भाषांतर करून सांगत होती. 

"नहीं देंगे," पद्मा अम्मा म्हणाल्या. व्हायोलिनवालीला त्यांनी पुढे ढकललं. "इसको ले लो।"

ती बाई घाबरून फ्रिजकडे बघायला लागली.

"नाही कशा देणार?" सुनंदाताई म्हणाल्या. "माणूस आमचा आहे." मला कपाटाजवळ बसवणाऱ्या सुनंदाताई हे बोलत होत्या आणि मी भाताचं पातेलं धरून मध्ये उभी होते. शेवटी असं ठरलं की शुक्रवार त्यांचा, शनिवार यांचा. चेन अंकल म्हणाले, असं बेसबॉलमध्ये चालत नाही. त्यांच्या हातात कोणीतरी वडा दिला.

मी टाळ घेऊन मागे कपाटाजवळ निघाले. सुनंदाताईंनी आपली सतरंजी थोडी ओढून घेतली. "तिकडे कुठे? इथे बसा. पुढे."

मी बसले, डोळे मिटून सुरुवात केली. अर्ध्यात उघडले आणि सवयीने दाराकडे पाहिलं. चपला एकीवर एक पडल्या होत्या, कोणी जोड्या लावल्या नव्हत्या. अंकल उंबऱ्यावर वडा खात होते. गजर संपत आला, एरवी आम्ही थांबायचो ती जागा आली. मी परत दाराकडे पाहिलं. कोपर चोळायला कोणी नव्हतं. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून धरलं.