हवालदाराची सायकल

ऐंशी सालच्या आसपास मी पौडच्या शाळेत शिकवत होतो. त्या काळात मी माझी पहिली कादंबरी लिहिली. कोंबडीचोरीचा तपास करायला आलेल्या हवालदाराची सायकलच चोरीला जाते, आणि साहेबाला कळू नये म्हणून तो बिचारा चोरांचीच मदत घेतो, अशी ती गोष्ट होती.

बाजारपेठेत माझ्या एका शाळासोबत्याचं शिलाईचं दुकान होतं. एखादं प्रकरण लिहून झालं की संध्याकाळी मी ते त्याला वाचून दाखवायचो. तो मशीन थांबवून ऐकायचा, आणि हसायचा तर असा की समोरच्या किराणावाल्याकडची गिऱ्हाइकं वळून बघत. हवालदार चोराकडेच सायकल उसनी मागतो, त्या प्रसंगाला तर त्यानं डोळे पुसले होते. घरी बायको म्हणायची, मास्तरांनी असलं काही लिहू नये. त्यामुळे त्याच्या हसण्याच्या जोरावरच मी पुढचं प्रकरण लिहायला घ्यायचो.

बटणं, अस्तर आणायला तो पुण्याला जायचाच. माझं हस्तलिखित त्यानंच तिथल्या एका लहानशा प्रकाशकाकडे नेऊन दिलं. मला शाळा असायची, म्हणून पुढच्या खेपाही त्यानंच घातल्या. पुस्तक छापायला घेतल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा मी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला.

पुस्तकं एस.टी.नं आली. मुखपृष्ठावर सुरा घेतलेली बाई होती. माझ्या कादंबरीत बाईही नव्हती आणि सुराही नव्हता. आत पाहिलं, तर कोंबडी गेली होती आणि तिच्या जागी सावकाराचा खून आला होता. हवालदार करारी झाला होता, त्याची सायकल हरवतच नव्हती. विनोद एकही उरला नव्हता. नाव मात्र माझंच होतं.

तसाच तडक दुकानात गेलो. वाटलं होतं, माझ्याहून तोच जास्त चिडेल. त्याच्याकडे एक प्रत आधीच आली होती. एका बैठकीत वाचली, असं तो खुशीत सांगायला लागला.

"ह्यात माझं काय राहिलंय?" मी विचारलं.

"आत्ता कुटं गोष्ट झालीय," तो म्हणाला. "ते प्रकाशक म्हनले, हे असं कोन वाचायचं न्हाई, खून घालू का? मी म्हनलो, घाला."

"मला न विचारता?"

"तू न्हाईच म्हनला असतास."

मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. शेवटी विचारलं, "मग तू एवढा हसायचास, ते काय होतं?"

त्यानं कापडावर खडूची रेघ मारली. वर न बघता म्हणाला, "वाचताना तू लई आशेनं बघायचास रे माझ्याकडं. मग हसायचो."

प्रकाशकाचा रागही टिकला नाही. तो माणूस माझा कोणीच नव्हता. पण घरी जाताना मला त्या सगळ्या संध्याकाळी आठवत गेल्या, आणि एकही जशीच्या तशी राहिली नाही.

मूळ हस्तलिखित छापखान्यात रद्दीत गेलं होतं, आणि दुसरी प्रत मी केलीच नव्हती. ते पुस्तक मात्र गावात खूप वाचलं गेलं. स्टँडवर लोक थांबवून खुनी कसा पकडला ते मलाच सांगायचे, आणि मला मान डोलवावी लागायची.

पुढे मी कपडे पिरंगुटला शिवून घ्यायला लागलो. त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो, जेवलो, त्यानं आग्रहानं वाढलंही. कादंबरीचा विषय दोघांनीही काढला नाही.