बूटचा कप्पा

रविवार, नऊ तारीख. वाचनालयातल्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचा बूटचा कप्पा वाढवायचा होता. मशीन सुरू होताना डिस्कवरचा हा पहिला, चिंचोळा भाग आधी वाचतं. तो भरल्यामुळे नवी अपडेट बसत नव्हती. रिकामी जागा भरपूर होती, पण डिस्कच्या पार शेवटी. ती पुढे आणायची तर मधलं सगळं मागे सरकवायचं, आणि मधे होती ग्रंथपाल सुमनताईंनी अकरा वर्षं टाइप केलेली पुस्तकांची यादी. प्रत काढली होती, पण ती उघडून तपासायला दुसरं मशीन नव्हतं.

ताई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. "पहिल्या कपाटात हातभर जागा हवी तर शेवटच्या कपाटापासून सरकवत यायचं, हे आम्हालाही कळतं हो. पण पहिलं कपाट एवढंसं केलं कुणी?"

"मीच," मी म्हटलं.

मशीन बसवून दिलं तेव्हा तेवढं पुरेल असं वाटलं होतं. सुरुवात आपण घाईत उरकतो आणि पुढे वीतभर जागेसाठी सगळा संसार हलवत बसतो. नव्या कामानं मी दमत नाही. आपलंच जुनं काम पुन्हा करताना दमते.

दुपारभर पडद्यावरचा टक्का हळूहळू वाढत राहिला. पाचला मशीन सुरू झालं, यादी उघडली. ताईंनी एकेक करून वीस पुस्तकं शोधली, मगच चहा मागवला.

सोमवारी सकाळी मी शेजारच्या गावातल्या वाचनालयाला फोन करून पुढचा रविवार मागून घेतला. तिथल्या मशीनची मांडणीही माझीच आहे.