न पाठवलेली कॉमेंट

सकाळी साडेदहाला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलातून फोन आला. डॉक्टर रजेवर होते. अपॉइंटमेंट रद्द झाल्याचे मेसेज आमच्या सॉफ्टवेअरने आदल्या दिवशीच पाठवले होते. तरी वणीहून एक म्हाताऱ्या बाई डोळ्यावर पट्टी बांधून एकट्या आल्या होत्या. नवऱ्याची अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा मेसेज घरी आला होता. यांच्या नावाचा आलाच नाही. म्हणून नवरा थांबला, या निघाल्या.

आमचे मॅनेजर बोरकर सर माझ्या टेबलापाशी आले.

"काहून गा, हे कोड तुझंच ना?"

"माझंच."

"अन् रिव्ह्यू कोणी केला?"

"वंदनाताईंनी."

रिव्ह्यू म्हणजे एकाने लिहिलेलं कोड चालू होण्याआधी दुसऱ्याने वाचायचं. शंका आली तर तिथेच कॉमेंट लिहायची. वंदनाताईंनी एकही कॉमेंट न करता माझं कोड अप्रूव्ह केलं होतं.

चूक पाच मिनिटांत सापडली. एका माणसाला दोनदा मेसेज जाऊ नये, म्हणून मी एका मोबाइल नंबरवर एकच मेसेज जाईल असं लिहिलं होतं. नवरा-बायकोचा नंबर एकच होता.

मी तणतणत ताईंकडे गेलो. "ताई, वाचलं तरी होतं का तुम्ही?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक कॉमेंट लिहून ठेवलेली होती, पाठवलेली नव्हती. अशी कॉमेंट फक्त लिहिणाऱ्यालाच दिसते. 'एकाच नंबरवर घरातले दोन पेशंट असले तर? गावाकडे घरात बहुतेक एकच फोन असतो.'

ताई आमच्याकडे येण्याआधी आठ वर्षं एका दवाखान्याच्या काउंटरवर बसत. त्यांना हे माहीत असणारच.

"मग पाठवली का नाही?"

"मागच्या महिन्यात तुम्ही मले काय लिहिलं होतं सर, आठवते?"

आठवत होतं. त्यांच्या कोडवर मी कॉमेंट लिहिली होती, 'इतकं साधं समजत नसेल तर काउंटरच बरा होता.' आमच्याकडे चार वाजता चहासोबत दिवसभराच्या कॉमेंट मोठ्या स्क्रीनवर वाचायची पद्धत होती. ती मीच सुरू केलेली. मी चळवळीत पत्रकं वाटत मोठा झालो. चूक चारचौघांत मांडली की न्याय होतो, असं मानत आलो. ती कॉमेंट वाचली तेव्हा सगळे हसले. ताईही हसल्या. मला वाटलं, त्यांना पटलं.

"पाठवणारच होती," ताई म्हणाल्या. "मग वाटलं, तुमच्या कोडात मी काय चूक काढू. चार वाजता अजून हसतीन."

फोन आला त्याच दिवशी चार वाजता मी माझं कोड आणि ती जुनी कॉमेंट दोन्ही स्क्रीनवर लावली आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. कोणी हसलं नाही. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"माफी मागितली, बरं केलं सर. पण आता कोड लिहिताना माझा हातच थांबते."

महिनाअखेर त्या गेल्या. आता रामदासपेठेत एका दवाखान्याच्या काउंटरवर बसतात, असं कळलं. मी स्क्रीनवरचं वाचन बंद केलं. कॉमेंट आता प्रश्नासारखी लिहितो, आणि टोचून बोलायचा मोह झाला तर उठून समोरच्याच्या टेबलापाशी जातो. तोंडावर तसं बोलवत नाही. कोड दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली होती.

माझ्या कोडवर एकही कॉमेंट आली नाही की पूर्वी मला अभिमान वाटायचा. आता मी आधी विचारतो, कोणी लिहून तशीच तर ठेवली नाही ना?