कागद कॅमेऱ्याकडं धरा

ज्ञान माणसाला सन्मान मिळवून देतं, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. मलाही मिळाला. शाल, नारळ आणि आमच्या भागातले पुढारी दादा, त्यांच्यासोबत फोटो. पाचव्या दिवशी लातूरच्या माझ्या घरमालकीणबाईंनी मला जिन्यात उभं करून माझी जात वाचून दाखवली.

वाचूनच दाखवली. हातात सुनेचा मोबाईल. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी माझं नाव, मग वडिलांचं, मग गाव, तालुका कंधार. मग जात. मास्तर हजेरी घेतात तसा आवाज. खाली नळावर दोन बाया भरलेल्या घागरी तशाच ठेवून ऐकत थांबलेल्या.

"ही तूच का गं?"

"हाव, काकू."

"मग आधी कामून सांगितलं न्हाई?"

"तुम्ही विचारलं न्हाई."

"आम्ही काही मानत न्हाई बरं. पण घरात देव हायत."

काकूंना मोतीबिंदू होता. दर गुरुवारी त्यांची पोथी मी वाचायचे. तीन महिने वाचली. एवढाला टाईपसुद्धा दिसत नाही म्हणायच्या. माझी जात मात्र बिनचष्म्याची दिसली.

त्यावर मी काय म्हणाले, ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणाले, "चुकलं, काकू."

रविवारपर्यंत खोली सोडली. ट्रंक उचलताना सून हळूच म्हणाली, "वाचून झालेल्या अध्यायांचं आता काय करायचं, आत्याबाईंना समजंना झालंय." मी वाचलेलं देवानं ऐकलं असेल की नसेल, यावर त्या घरात खरंच खल चालू होता. माझ्या जाण्यावर फारसा नव्हता.

तो फोटो कसला, ते सांगते. राखीव जागेवरचा प्रवेश कायम व्हायचा तर व्हॅलिडिटी लागते, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी तीन पिढ्यांचे कागद गोळा करायचे. निजामाच्या वेळचा उतारा उर्दूत, तो वाचणारा माणूस शोधायचा. वडिलांच्या वर्षभराच्या खेपा त्यातच गेल्या. दादांनी एक फोन केला, असं दादांचा माणूस म्हणतो. प्रमाणपत्र निघालं की तोच माणूस सकाळी घरी येऊन मूळ कागद घेऊन जातो, आणि संध्याकाळी दादा तो कागद समारंभपूर्वक आपल्यालाच देतात. अक्षर न् अक्षर दिसेल असा फोटो निघतो आणि दादांच्या फेसबुकवर जातो. मी तर हसतसुद्धा होते त्यात.

आता मी अहमदपूरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते. समोर मारोतीभाऊंचं झेरॉक्सचं दुकान. हा माणूस दिवसभर लोकांचे कागद हाताळतो. खराब निघालेली प्रत चार तुकडे केल्याशिवाय टाकत नाही. एकदा कुणी रद्दी मागितली तर म्हणाले, "लोकायचे आधार हायत त्यात. भजे खायाला देऊ का?"

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला प्रतीक्षा म्हणू. नाव खरं नाही. व्हॅलिडिटी निघाली होती, नांदेडला एका घरी खोलीही ठरली होती. मारोतीभाऊ पेढे घेऊन ग्रंथालयात आले.

"मॅडम, रविवारी दादाच्या हातानं सत्कार हाय. फेसबुकवर लाईव्ह करून राहिलेत."

पेढा हातातच राहिला. मी दार लोटून घेतलं आणि लातूरचं सगळं सांगितलं. जिना, मोबाईल, पोथी. 'चुकलं, काकू' तेवढं गाळलं.

"सत्कार घ्या," मी म्हटलं. "कागद दाखवू नका. नाव, गाव, जन्मतारीख, जात, सगळं एका फोटोत जातं. कुणीही उचलावं. तिला अजून त्या खोलीवर राहायचंय."

"तवाचं सोडा. आता जमाना बदलला."

"माझा फोटो अजून तिथंच हाय."

मारोतीभाऊंनी पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "एक इचारू? राग नका धरू. म्हंजे आपण लपून राहायचं का? माझ्या बापानं खाली मान घातली, मीबी घातली. आता लेकरानं कागद वर धरला तर तुम्ही म्हणता, झाक."

पेढ्याचा डबा टेबलावर ठेवून ते निघून गेले.

त्या आठवड्यात मी इतिहासाची पुस्तकं स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या कपाटात लावली. विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं. बसवत नव्हतं. दर तासाला खिडकीशी जायचे. समोर मशीनचा हिरवा उजेड सरकत असायचा. माणूस खरं बोलून गेला होता. लातूरला मी खोटं बोलले नव्हते. पण आडनावावरून कुणाला कळत नाही, याचं सुख रोज थोडं थोडं खाल्लं होतं. काकूंनी ते हिसकावलं, एवढंच मी इतकी वर्षं धरून बसले होते का?

शनिवारी कळलं. काकूंना कळलं याचं दुःख नव्हतं. माझी ओळख दुसऱ्यानंच वाटून टाकली. दादांनी त्यात आपला प्रचार केला, काकूंनी घर शुद्ध करून घेतलं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी जात लपवणार नाही आणि वाटूही देणार नाही. इथं जातीचं नाव लिहिलेलं नाही, ते मी ठरवलं म्हणून.

रविवारी मी मंगल कार्यालयात गेले. बोलावणं नव्हतं. दादांचं भाषण झालं. त्यात सावित्रीमाई तीनदा आल्या आणि दादा स्वतः बऱ्याचदा. मग प्रतीक्षाला वर बोलावलं. सकाळी तिच्या घरून नेलेला कागद दादांनी तिच्या हातात दिला.

मोबाईलवाला म्हणाला, "ताई, कागद कॅमेऱ्याकडं धरा. अक्षर येऊ द्या."

मी उभी राहिले. "अक्षर येऊ देऊ नका. तिच्या जातीचा कागद हाय तो. टाकायचा का न्हाई, तिला इचारा."

दादा हसले. माईक हातातच होता. "मॅडमला आपल्या समाजाची लाज वाटती का?"

टाळ्या पडल्या.

"लाज न्हाई वाटत, दादा. तुमचा सातबारा कधी दिसला न्हाई पण फेसबुकवर."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. प्रतीक्षानं बापाकडं पाहिलं. मारोतीभाऊ सतरंजीकडं बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नकारार्थी हलवलीही नाही. पोरीनं कागद उलटा केला. कोरी बाजू पुढं. दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काढा आता," ती म्हणाली.

मारोतीभाऊ पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दादा त्यांचा फोन उचलत नाहीत, असं ऐकलं. नांदेडला प्रतीक्षानं घरमालकिणीला पहिल्याच दिवशी, तिच्या चुलीपुढं बसून, स्वतः सांगितलं. एवढं लिहायला तिनं हो म्हटलंय. पुढं काय झालं ते तिचं आहे.

माझं मी करते आहे. दर सोमवारी दादांच्या कार्यालयात जाऊन लेखी अर्ज देते, माझा फोटो काढून टाका म्हणून. 'साहेब दौऱ्यावर' हे उत्तर ठरलेलं. पोच घेते. ते निवडून आले तरी जाईन, पडले तरी जाईन. आणि ग्रंथालयात प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगेन, कागद तुझा आहे, मागितला तरी देऊ नकोस. चुकलं, हा शब्द यापुढं माझ्या तोंडून कुणाला मिळणार नाही.

प्रतीक्षाचा फोटोही दादांच्या पानावर आला आहे. दादा एका कोऱ्या कागदाकडं अभिमानानं बोट दाखवत आहेत. खाली लिहिलंय, 'दिलेला शब्द पाळला.'