सोराकोचाचं हिरवं पान

समजा, तुम्हाला एक छोटं काम दिलंय. एका वेब पानावर तळ्याच्या पाण्याची पातळी दिसते. सेन्सरकडून आकडा आला नाही की ती जागा पांढरी राहते आणि बघणारे घाबरतात. तुम्ही एवढंच करायचं, की नवा आकडा नसेल तर शेवटचा चांगला आकडा दाखवायचा. एका ओळीचं काम आहे. कराल ना?

इलियाना तारासोनाने केलं. तिच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं.

आमचं उचुपांपा गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि सोराकोचा तळं बरोबर आमच्या डोक्यावर. त्याच्या मागे बर्फाचा कडा लोंबतो. कड्याचा मोठा तुकडा पाण्यात पडला, तर तळं बांध ओलांडून नदीतून खाली येणार, आणि नदीच्या काठावरच आमचा रविवारचा बाजार भरतो. तिथे इलियानाची आई, दोन्या फेलिपा, म्हणजे फेलिपाबाई, मक्याचा आणि बोकडाच्या मुंडीचा रस्सा विकते.

नगरपालिकेत तळ्याच्या पहाऱ्याचं ते पान इलियानाकडे आलं तेव्हा ते दिवसाआड लाल व्हायचं. वाऱ्याने लाट उसळली तरी लाल, आणि लाल झालं की नदीकाठी धोक्याचा भोंगा.

"तुझ्या भोंग्यापायी परत पातेलं टाकून पळाले," आई म्हणायची. "तळं मला मारेल तेव्हा मारेल. तू मला आधीच धंद्यातून उठवणार."

मग इलियाना थोडं थोडं सुधारत गेली. एखाद-दुसऱ्या लाटेने रंग बदलणार नाही असं केलं. आकडा मोठा केला, मोबाईलवर नीट दिसेल असा. वर तळ्यापाशी पहारेकरी राहतात, ते पाण्यात रोवलेल्या पट्टीवरची पातळी रेडिओवर कळवायचे. त्यांच्या खोलीत इंटरनेट आल्यावर तिने त्यांनाही आकडा थेट भरायची सोय दिली. सेन्सर आणि पहारेकरी जुळले, की पान हिरवं. लोक खूश झाले. आई तर फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा ठेवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "बसा निवांत. माझ्या पोरीने हिरवं केलंय."

पांढऱ्या जागेचं काम त्यानंतर आलं. भोंग्याचं यंत्र तिच्या एपीआयकडून, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला आकडा मागायच्या खिडकीतून, सतत पातळी विचारत असतं. उत्तर रिकामं आलं की ते धोका समजतं. ऐन सणाच्या मिरवणुकीत सेन्सर क्षणभर गप्प झाला आणि भोंगा वाजला. उंचावरच्या चर्चच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली. सुईणीचं काम करणारी दोन्या ओरतेन्सिया तेव्हापासून अंथरुणाला खिळलीय.

"मला रिकामं उत्तर पुन्हा दिसता कामा नये," सुरक्षा विभागाचे ओब्रेगोनसाहेब म्हणाले. तिने ती ओळ लिहिली. पान सुंदर झालं. तेव्हापासून ते कधीच पांढरं पडलं नाही.

या रविवारी सकाळी ती आलेखाचं काम संपवत होती. लोकांना आठवड्याची चढउतार रेघेत बघायची होती. आईचा फोन आला.

"नदी गढूळ आलीय गं. धुणं घेऊन आलेल्या बायका तशाच परत गेल्या."

"वर पाऊस झाला असेल. पान हिरवं आहे, आई."

"ते मलाही दिसतंय. म्हणून तर चूल पेटवली."

इलियानाने आलेख उघडला. रेघ फूटपट्टीने ओढावी तशी सरळ होती. तळं असं कधीच नसतं. ते सारखं हलतं, वाऱ्यानेसुद्धा. तिने सेन्सरची मूळ उत्तरं काढली. कित्येक दिवसांची रिकामी. तिचीच ओळ जुना आकडा पुन्हा पुन्हा भरत होती.

मग तिला पहारेकऱ्यांचे आकडे दिसले आणि हायसं वाटलं. तेही तेच होते. म्हणजे तळं ठीक आहे. तरीही तिने रेडिओ उचलला. वर पहाऱ्यावर आईचा चुलतभाऊ मेलितोन होता.

"मामा, आज पट्टी बघितलीत?"

"बघितली की. हिरवी आहे."

"मामा, पट्टी पिवळी आहे."

"अगं, तूच ना ते पान एवढं छान केलंस," मेलितोन म्हणाला. "मोठा आकडा दिसतो. त्या शेवाळलेल्या दगडांवरून खाली कशाला उतरायचं? तेच बघतो, तेच भरतो. सगळेच तसं करतात. तुझं मशीन आमच्यापेक्षा हुशार."

पान त्यांना विचारत होतं आणि ते पानाला. मधे तळं कुणीच बघितलं नव्हतं.

"आत्ता उतरा, मामा. रेडिओ सोबत न्या."

तिने साहेबांना फोन लावला. "खरं मोजमाप आण, मग भोंगा," ते म्हणाले. "भरल्या बाजारात पुन्हा तसं झालं तर त्या पायऱ्यांवर कोण उभं राहणार? तू?"

मग आईला. "दुकान सोड आणि चर्चकडे चढ."

"का?" मागे गिऱ्हाइकांचं हसणं ऐकू येत होतं. "हिरवं तर आहे."

"ते खोटं आहे."

"तूच केलंस ना ते?"

एवढ्यात रेडिओ खरखरला. मेलितोन धापा टाकत होता.

"धुकं आहे गं. पट्टी दिसत नाहीये. मी जिथे उभा राहायचो ना, तिथे..."

पुढचं आलं नाही.

इलियानाने ती एक ओळ पुसली आणि बदल पाठवून दिला. पान पांढरं झालं. भोंग्याच्या यंत्राने विचारलं, त्याला रिकामं उत्तर मिळालं, आणि नदीकाठी भोंगा सुरू झाला. खिडकीतून तिला बाजार दिसत होता. काही माणसं चढाकडे पळत होती. काही फोन हातात धरून जागच्या जागी उभी होती. आई कुठे आहे ते दिसत नव्हतं.

तिने रेडिओ तोंडाशी धरला आणि तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"मामा, पट्टी धुक्यात आहे, की पाण्याखाली?"