नागरकोविलचं आकाश बघायला

नागरकोविलला जायचं ठरलं ते एक रेडिओ गप्प बसला म्हणून. एरवी मी कन्याकुमारीच्या अलीकडे उतरायचा विचारही केला नसता.

माझे बाबा रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. बडोद्यात, अकोटा भागातल्या आमच्या गच्चीवर त्यांच्या हौशी रेडिओची तार ताणलेली आहे. रोज सकाळी सात वाजता ते मोर्सच्या टिकटिकीत नागरकोविलच्या राजनकाकांशी बोलतात. वीस वर्षांत भेट एकदाही नाही आणि फोनही नाही, कारण फोन केला तर रेडिओ कशाला, असा दोघांचा बाणा. पहिली हाक बाबांची, मग काकांचं उत्तर, असा रिवाज.

मग सौर वादळ आलं. सूर्याकडून सुटलेला कणांचा लोंढा पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळला की ते हेलकावतं. त्यातली ऊर्जा ध्रुवांजवळून आयनांबरात उतरते, म्हणजे रेडिओच्या लहरी जिथून खाली परततात त्या थरात, आणि तिथली सगळी घडी विस्कटते. संपर्क तुटला तरी बाबा निवांत होते. पण वादळ शमलं, दिल्लीचे हौशी रेडिओवाले ऐकू येऊ लागले, आणि काकांचं उत्तर बाराव्या दिवशीही नव्हतं. ‘दक्षिणेकडे अजून गडबड आहे,’ बाबा ठासून सांगत. फोन करा म्हटलं की विषय बदलत. पलीकडून काकांची बायको काय सांगेल, याची त्यांना भीती वाटत होती. शेवटी मीच तिकिटं काढली.

थेट गाडी आहे, पण रोज नसते. आधी वार बघा. थर्ड एसीचं एकेरी भाडं अडीच हजारांच्या आसपास, आणि दोन दिवस मोडतात. आमचे थेपले आणि छुंदा मडगावपर्यंत पुरले. समोरच्या बाकावर करजणचे एक दुकानदार होते. बाबांनी प्रवासाचं कारण सांगताच त्यांनी डोळे मोठे केले.

‘काका, आकाशमां वळी शुं बगडे?’

‘वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला की आपल्या छताचा गिलावा पडतो ना, तसं,’ बाबांनी गुजरातीत समजावलं.

‘ने पछी सरखुं कोण करे?’ दुरुस्तीची त्यांना काळजी.

‘पोतानी मेळे. बे-त्रण दिवसमां,’ बाबा म्हणाले, आणि आपोआप, दोन-तीन दिवसांत, हे आपलंच बोलणं ऐकून खिडकीबाहेर बघू लागले. मीही पुस्तक उघडलं. कोकण हिरवंगार होतं, बोगदे पुष्कळ होते.

नागरकोविल स्टेशनहून काकांच्या गावापर्यंत रिक्षावाल्याने तीनशे घेतले. घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. पत्ता काकांनी पूर्वी टपालाने पाठवलेल्या रेडिओ-कार्डावरचा. नारळाची बाग, लाल फरशीची पडवी आणि पडवीत पेपर वाचत बसलेले राजनकाका. धडधाकट! बाबांना आधी रडू आलं, मग राग.

काका सैन्याच्या सिग्नल्समध्ये होते, त्यामुळे हिंदी पक्की. ‘अरे, बँड ही डेड है! रोज सात बजे बैठता हूँ, तेरी आवाज नहीं,’ ते मोठ्याने म्हणाले. ‘चुंबकीय विषुववृत्त इथे डोक्यावर आहे. ध्रुवांकडे खळबळ झाली की तिचा धक्का आमच्या आकाशालाही बसतो.’

त्यांनी संच लावला, आवाज पूर्ण चढवला, हेडफोन बाबांच्या हातात दिला. बाबांना तो कानाला लावायची गरजच पडली नाही. कुणाची तरी स्वच्छ टिकटिक मला दारातून ऐकू येत होती. फक्त काकांना येत नव्हती. त्यांची बायको, तिकडच्या रीतीने सरोजामामी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘बुखार आया था. तब से ऐसा है. मानते नहीं, डॉक्टर के पास नहीं जाते.’

बाबा बराच वेळ डायल फिरवत राहिले. हो, अजून बिघडलेलंच आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. मला वाटलं, तसंच म्हणतील.

‘राजन, आसमान ठीक है,’ ते काकांच्या अगदी समोर येऊन म्हणाले.

काका उठून आत गेले. दुपारी आमच्याबरोबर जेवलेही नाहीत. मामींनी वाढलेला जाडा लाल भात आणि माशाची आमटी उत्तम होती, पण बाबा अर्ध्यावर उठले. वीस वर्षांची मैत्री आपण इथवर येऊन मोडली, असं बाबांना वाटत होतं. ते तसं बोललेही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता काका सवयीने संचापाशी येऊन बसले, पाठमोरे. बाबांनी हेडफोन काढून टाकला, जुना उघडा स्पीकर जोडला, काकांचं बोट त्याच्या कागदी पडद्यावर ठेवलं आणि हळूहळू मोर्सची कळ दाबली. कागद थरथरला. काकांचे ओठ हलू लागले. आर. ए. जे. पुढची अक्षरं त्यांनी म्हटली नाहीत, नुसती मान डोलावली.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पुट्टू खाऊ घातलं, बागेतली केळी बांधून दिली. कन्याकुमारी तासाभरावर होती. आम्ही गेलो नाही, तुम्ही जा.

बडोद्याला परतलो. पहिले दोन दिवस बाबांच्या हाकेला उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, इतकं सावकाश की मोर्स न येणाऱ्या मलाही टिंब आणि रेघ वेगळी कळत होती. बाबा एकेक अक्षर कागदावर उतरवत होते.

मी विचारलं, ‘काय म्हणाले?’

‘त्याच्याकडे ऊन पडलंय.’

एवढं सांगायला काकांना अकरा मिनिटं लागली होती, आणि ती अकरा मिनिटं बाबा जागचे हलले नव्हते.