न फोडलेला पंप

औषधांची दुकानं तपासणारा साहेब लाखांदूरला आला, की साऱ्या मेडिकलची शटरं धडाधड खाली पडायची. आत फार्मासिस्ट नसायचेच. भिंतीवर त्यांची भाड्यानं आणलेली सर्टिफिकेटं तेवढी. अशाच एका दिवशी आईचा दम्याचा पंप संपला. आमचा दुकानदार शटर पाडून समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता.

"माय मरून राहिली माझी," मी म्हणालो.

"साहेबाले जाऊ दे ना बे. मंग उघडतो."

साहेब गेला, पंप मिळाला. घरी पोचलो तर आई थंड पडली होती.

तेरवी झाल्यावर तो न फोडलेला पंप मी त्या हरामखोराच्या काउंटरवर आपटला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"विकलेली दवाई वापस घेता येत नाही बाप्पा. कायदा हाये."